पुढच्या पंखांचे काय केले? रानातील भुंगेरा आणि फुलपाखरू

मराठीत ‘भुंगा’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळे कीटक नांदतात, आणि हा घोळ सोडवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. कोरडे लाकूड लीलया पोखरणारा, पण कमळाच्या कोवळ्या पाकळ्यांत अडकून पडणारा जो भ्रमर आपल्या संतकाव्यात भेटतो, तो मधमाशीच्या जवळच्या नात्यातला काळा, गुंजारव करणारा कीटक आहे. त्याला चार पातळ पंख असतात आणि चारही पंखांनी तो उडतो. दुसरा कीटक म्हणजे पाठीवर दोन टणक झाकणे घेऊन फिरणारा, दिव्यावर येऊन आपटणारा, उलटा पडला की पाय झाडत राहणारा. त्यालाही आपण भुंगाच म्हणतो. गोव्यातील माडांच्या बागायतदारांना ‘गेंड्या भुंगा’ आणि ‘सोंड्या भुंगा’ चांगले परिचित असतात. हे दोघेही या दुसऱ्या प्रकारातले आहेत. शास्त्रीय मराठीत या प्रकाराला ‘भुंगेरा’ असा नेमका शब्द आहे आणि या लेखात तोच वापरला आहे. फुलपाखराच्या बाबतीत एवढा घोळ नाही. गोव्यात त्याला पिसोळे म्हणतात, कोकणात पाकोळी म्हणतात, मात्र पाकोळी हे नाव एका पक्ष्यालाही लावले जाते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

तुलना करायची तर ठरावीक दोन प्राणी समोर असावेत, कारण ‘भुंगेरा’ आणि ‘फुलपाखरू’ हे शब्द फारच मोठ्या समूहांना व्यापतात. फुलपाखरांपैकी ‘राणी पाकोळी’ घेऊ. इंग्रजीत तिला ‘ब्लू मॉरमॉन’ म्हणतात, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. काळ्या पंखांवर फिकट निळा पट्टा असलेले आणि पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर भरणारे हे फुलपाखरू गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या रानांत आणि रानालगतच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-माडांच्या बागांत, सहज दिसते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. भुंगेऱ्यांपैकी निवडला आहे तो आंबा-फणसाच्या बागायतदारांना ‘भिरूड’ या नावाने माहीत असलेला खोडकिडा, शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. राखाडी रंगाचा, पाठीवर नारिंगी ठिपके असलेला, सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा आणि शरीराहून लांब मिशा बाळगणारा हा भुंगेरा बागेत शत्रू मानला जातो. पण तो मुळात रानाचा रहिवासी आहे आणि उंबर, सावर अशा रानझाडांतही वाढतो. जिथे या दोघांवरून पूर्ण चित्र उभे राहत नाही, तिथे त्यांच्या भाईबंदांना साक्षीला बोलावले आहे.

वरवर पाहता या दोघांत काहीच सारखे नाही, असे वाटते. प्रत्यक्षात दोघांचा आराखडा एकच आहे. दोघांचे शरीर डोके, छाती आणि पोट अशा तीन भागांचे. दोघांना सहा पाय, दोन मिशा आणि अनेक बारीक भिंगांनी बनलेले दोन डोळे. दोघेही अंडे, अळी, कोश आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून जातात. आणि दोघांनाही पंखांच्या दोन जोड्या असतात. माशी किंवा डास यांना उडण्यासाठी पंखांची एकच जोडी उरलेली असते, तशी स्थिती इथे नाही. चार पंखांचे भांडवल दोघांकडेही सारखेच होते. फरक पडला तो त्या भांडवलातील पुढच्या दोन पंखांचे प्रत्येकाने काय केले, इथे. आणि माझ्या मते रानातील त्यांचे राहणे, दिसणे, खाणे, लपणे यांतला बहुतेक फरक या एका गोष्टीपाशी जाऊन पोहोचतो. शास्त्रज्ञांनी त्यांना दिलेली नावेही हेच सांगतात. भुंगेऱ्यांचा गण तो कोलिऑप्टेरा, म्हणजे म्यान असलेले पंख. मराठीत त्यांना ढालपंखी म्हणतात. फुलपाखरे आणि पतंग यांचा गण तो लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवल्यांचे पंख, मराठीत खवलेपंखी.

भुंगेऱ्याने पुढचे पंख उडण्याच्या कामातून जवळजवळ मोकळे केले. ते जाड आणि कडक झाले, पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत एकमेकांना भिडले आणि त्यांच्याखाली मागचे दोन पातळ पंख घडी घालून ठेवण्याची सोय झाली. मागचे पंख उलगडल्यावर सहसा झाकणांपेक्षा बरेच लांब असतात, त्यामुळे ते आत मावण्यासाठी त्यांना आडवी घडीही घालावी लागते. घडीची छत्री पिशवीत ठेवावी तसा हा प्रकार आहे. उडताना बहुतेक भुंगेरे झाकणे वर-बाजूला उघडून धरतात आणि मागच्या पंखांनी उडतात. फुलांवर येणाऱ्या काही चकचकीत भुंगेऱ्यांनी तर याहून पुढची युक्ती काढली आहे: त्यांची झाकणे उडतानाही मिटलेलीच राहतात आणि मागचे पंख बाजूच्या फटीतून बाहेर येतात. हा पुढचा पंख ‘कडक’ होण्यामागची यंत्रणाही आता बरीच कळली आहे. जुन्या पिठात होणारा तांबडा भुंगेरा आपल्या स्वयंपाकघरात नकोसा असला, तरी प्रयोगशाळेत तो फार कामाचा ठरला आहे. मागच्या पंखाला ‘तू मागचा पंख हो’ असे सांगणारे एक जनुक असते. त्या जनुकाचे काम थांबवले, तेव्हा या भुंगेऱ्याला मागच्या बाजूलाही पातळ पंखांऐवजी कडक झाकणेच आली, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. याचा अर्थ असा, की भुंगेऱ्याच्या शरीरात पंख कडक होणे ही मूळ चाल झाली आहे आणि पातळ राहण्यासाठीच वेगळी आज्ञा लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घ्यायचे तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कीटक प्रौढ होऊन त्याला पूर्ण पंख फुटले, की तो पुन्हा कात टाकत नाही. म्हणजे फाटलेला पंख पुन्हा कधीच येत नाही. जो आहे तो आयुष्यभर सांभाळायचा. अशा स्थितीत सालीच्या फटीत शिरणे, मातीत उकरत जाणे, शेणाच्या पोखाली बीळ करणे, पालापाचोळ्यात फिरणे हे पातळ पंखांना परवडणारे नाही. भुंगेऱ्याला ते परवडते, कारण उडण्याचे पंख म्यानात सुरक्षित असतात. रानातील जितक्या अरुंद, अंधाऱ्या, घासट जागा आहेत, त्या सर्व त्याला खुल्या झाल्या आणि तरीही गरज पडली तर उडून दुसरे झाड गाठण्याची क्षमता त्याने गमावली नाही. झाकणांचा आणखी एक उपयोग म्हणजे शरीरातील ओलावा टिकणे, आणि गोव्याच्या उन्हाळ्यात करपलेल्या पाचोळ्याखाली राहणाऱ्या जिवाला तो कमी महत्त्वाचा नसतो.

फुलपाखराने उलटी वाट धरली. त्याने पुढचे पंख मोठे केले, मागच्या पंखांवर थोडे चढवले, म्हणजे दोन्ही जोड्या एकत्र हलतात, आणि त्या विस्तीर्ण पृष्ठभागावर हजारो बारीक खवले कौले शाकारावीत तसे रांगांनी बसवले. फुलपाखरू हातात धरल्यावर बोटांना जी रंगीत पूड लागते, ती म्हणजे हे खवले. राणी पाकोळीचा निळा पट्टा, काळी किनार, पंखांच्या मुळाशी खालच्या बाजूने दिसणारे लाल ठिपके, हे सारे खवल्यांचेच काम. खवले सहज निसटतात, हा दोष वाटेल. पण कोळ्याच्या जाळ्यात सापडलेले फुलपाखरू किंवा पतंग कित्येकदा खवले जाळ्याला चिकटवून स्वतः सुटून जाते. खवल्यांमुळे पंखावर पाणीही ठरत नाही. मात्र खवले असोत वा रंग, पंख उघड्यावरच राहतो, त्याला म्यान नाही. म्हणून चवथीच्या आगेमागे ताजीतवानी दिसणारी राणी पाकोळी दोन-तीन आठवड्यांनी पाहावी, तर कडा झिजलेल्या, एखादा त्रिकोण पक्ष्याच्या चोचीत गेलेला, रंग विटलेला. तरीही ती उडत असते, कारण पंखाचा बराच भाग गेला तरी तिचे उड्डाण चालू राहते. असे फाटके पंख पाहून कोणी हळहळते, पण जाणकाराला त्यावरून फुलपाखराच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

उडण्याच्या पद्धतीतला एक फरक कानालाही कळतो. फुलपाखराचे पंख मोठे असल्याने सेकंदाला साधारण दहा वेळाच हलतात आणि प्रत्येक फडफडीसाठी मज्जातंतूची स्वतंत्र आज्ञा जाते. भुंगेऱ्याचे मागचे पंख त्याच्या वजनाच्या मानाने लहान असतात, म्हणून ते पुष्कळ वेगाने हलावे लागतात. मोठ्या भुंगेऱ्यातही सेकंदाला तीस-चाळीस वेळा. इतक्या वेगाने आज्ञा पाठवत बसण्यापेक्षा त्याच्या स्नायूंची रचनाच अशी आहे, की एका आज्ञेवर ते ताणलेल्या तारेसारखे अनेकदा कंप पावतात. मानवी कानाला सेकंदाला साधारण वीसपेक्षा कमी कंपने स्वर म्हणून ऐकू येत नाहीत. म्हणून फुलपाखरू आपल्या लेखी मुके आहे, आणि मिरगाच्या पहिल्या पावसानंतर सोप्यातल्या दिव्याकडे येणारा भुंगेरा दिसण्याआधी ऐकू येतो. भिरूडवर्गीय भुंगेरा पकडला तर तो वेगळाच चरचर असा आवाज करतो; तो मात्र पंखांचा नसतो, छातीचे दोन भाग एकमेकांवर घासून काढलेला असतो.

पंखांच्या या दोन वाटांमुळे रानाचीही जणू वाटणी झाली आहे. फुलपाखराला उघडी जागा, ऊन आणि ऊब लागते. उडण्यासाठी त्याच्या छातीचे स्नायू तापावे लागतात, साधारण तीस अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि ही ऊब ते उन्हात पंख पसरून मिळवते. त्यामुळे म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यातील दाट सावलीत तासभर चालूनही चार फुलपाखरे दिसत नाहीत, आणि झाड कोसळून आभाळ उघडले आहे अशा मोकळ्या जागी, ओहोळाच्या काठी किंवा रस्त्याच्या कडेला एकदम वीस-पंचवीस दिसतात. ओल्या वाळूवर घोळक्याने बसून ती पाणी शोषतात. याला चिखलपान म्हणतात. त्यात बहुतेक नर असतात, ते ओलाव्यातून मुख्यतः सोडियम मिळवतात आणि मीलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला देतात. भुंगेऱ्यांतही दिवसा फिरणारे अनेक आहेत, पण रानातील मोठ्या भुंगेऱ्यांचा संसार प्रामुख्याने रात्रीचा आणि आडोशाचा. भिरूडचा प्रौढ दिवसा फांदीला चिकटून असतो. राखाडी रंगामुळे सालीपासून तो वेगळा ओळखता येत नाही, आणि अंधार पडल्यावर तो कोवळ्या डहाळ्यांची साल खायला निघतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात आषाढातल्या झडीत फुलपाखरे पानांच्या खाली लटकून दिवस काढतात, त्याच काळात भुंगेऱ्यांची मात्र धांदल उडालेली असते.

काजवा हाही भुंगेराच आहे, हे सांगितल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. कोकणीतला हा काजुलो पावसाच्या तोंडावर रानाच्या कडेला लुकलुकतो, त्याच्या पाठीवर तीच दोन झाकणे असतात, फक्त जरा मऊ. त्याच्या अळ्या गोगलगायी खातात. फुलपाखराला उजेडात रंग दाखवून जोडीदार शोधता येतो. अंधारात वावरणाऱ्या या भुंगेऱ्याने स्वतःचाच उजेड तयार केला.

तोंडाच्या बाबतीत भुंगेरा आयुष्यभर एकनिष्ठ राहतो. अळी असताना त्याला चावणारे जबडे असतात आणि प्रौढ झाल्यावरही चावणारे जबडेच असतात. सोंड्या भुंग्याची सोंड ही शोषायची नळी नव्हे, तिच्या टोकालाही बारीक जबडेच असतात. फुलपाखरू मात्र अर्ध्या वाटेवर आहारच बदलते. अळी पाने कुरतडते, प्रौढ फुलपाखराला चावता येतच नाही. कोशातून बाहेर आल्यावर त्याच्या तोंडाशी दोन वेगवेगळ्या अर्धनळ्या असतात, त्या ते पहिल्या काही मिनिटांत एकमेकींना जोडते आणि एक अखंड सोंड तयार करते, जी नंतर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवता येते. या सोंडेमुळे त्याचे जेवण द्रवापुरते मर्यादित झाले: मध, कुजक्या फळांचा रस, चिखलातील क्षार. लाकूड, मुळे, शेण, बुरशी, बिया, मेलेले प्राणी, दुसरे कीटक असा जो अवाढव्य खाद्यसाठा रानात आहे, तो प्रौढ फुलपाखराच्या आवाक्याबाहेर राहिला आणि भुंगेऱ्यांनी तो आपापसांत वाटून घेतला.

अळीच्या अवस्थेत दोघांची तुलना अधिक रंगते, आणि बागायतदाराच्या दृष्टीने तर खरा प्रश्न इथेच आहे, कारण कोणत्या वयात कोण काय खातो यावर नफा-नुकसान ठरते. राणी पाकोळीची मादी माकडलिंबू, किरमिरा अशा लिंबाच्या कुळातील रानझाडांवर आणि बागेतल्या लिंबू-पपनसावर एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि तिच्या खांद्यावर डोळ्यांसारखे ठिपके उमटतात. तिला डिवचले तर डोक्यामागून एक दुभंगलेला, उग्र वासाचा अवयव बाहेर येतो. ती उघड्यावर, पानावर राहते, म्हणून तिला सोंग आणि वास ही दोन्ही शस्त्रे लागतात. पुढे ती फांदीला रेशमी धाग्याचा पट्टा बांधून त्यात कोश करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास साधारण महिना-दीड महिन्यात आटोपतो.

भिरूडची मादी सालीला जबड्याने खाच पाडून त्यात अंडे घालते. त्यातून निघणारी पिवळसर पांढरी, पायांचा मागमूस नसलेली अळी सालीखालून आत शिरते आणि लाकडात बोगदे करीत वाढते; पूर्ण वाढल्यावर तिची लांबी नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. तिला ना सोंग लागते ना रंग, कारण तिच्याभोवती अख्खे झाड असते. लाकडात पोषण कमी, म्हणून वाढीला वेळ फार. एक पिढी पूर्ण व्हायला वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बाहेरून आपल्याला एवढेच दिसते, की खोडाच्या भोकातून भुसा पडतो आहे आणि डिंक गळतो आहे. या दोघांच्या कोशांतही एक गमतीचा फरक आहे. फुलपाखराच्या कोशात पाय, मिशा, पंख सारे वरच्या आवरणाला चिकटून एकजीव झालेले असतात. भुंगेऱ्याच्या कोशात मात्र पाय आणि मिशा सुट्या, दुमडून ठेवलेल्या दिसतात, जणू अंग चोरून झोपलेला प्राणी.

आता गेंड्या भुंग्याचे उदाहरण पाहावे, म्हणजे ‘अळी वाईट, प्रौढ चांगला’ हा फुलपाखरावरून बांधलेला समज किती अपुरा आहे ते कळते. गेंड्याची इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकडी, गुबगुबीत अळी शेणखताच्या ढिगात आणि कुजलेल्या माडाच्या ओंडक्यात वाढते. ती कुजके तेवढेच खाते, जिवंत माडाला तिचा काहीही त्रास नाही, उलट खत कुजवण्याचेच काम ती करते. माडाच्या शेंड्यात घुसून न उलगडलेला कोंब पोखरतो तो प्रौढ भुंगेरा. पुढे ती झावळी उलगडते, तेव्हा कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप तिच्यावर दिसतात आणि झाडावर चढलेला पाडेली ते पाहून लगेच ओळखतो, की इथे गेंड्या येऊन गेला. म्हणूनच त्याचा बंदोबस्त माडाच्या शेंड्याइतकाच परसातल्या शेणकीत आणि कुजक्या ओंडक्यांतही करावा लागतो. सोंड्या भुंग्याचे गणित पुन्हा वेगळे, तिथे माडाला मारते ती आत वाढणारी अळी. हुमणीची गोष्ट तिसरीच: अळी जमिनीत मुळे खाते, प्रौढ रात्री पाने खातो. एकाच गणात इतके प्रकार असल्यामुळे ‘भुंगेरा काय खातो’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. फुलपाखराच्या बाबतीत ते जवळजवळ आहे.

शत्रूपासून बचाव हाही पंखांच्या निवडीशी बांधलेला विषय आहे. भुंगेरा मुख्यतः कडकपणावर भिस्त ठेवतो. फुलपाखराचा पंख मात्र फलकासारखा आहे आणि फलकावर खरेही लिहिता येते, खोटेही. सदर्न बर्डविंग हे गोव्यात आढळणारे काळे-पिवळे, पक्ष्याएवढे फुलपाखरू घ्यावे. त्याची अळी सापसंदवर्गीय वेली खाते, त्यांतील विषारी द्रव्ये शरीरात साठवते आणि प्रौढाचा भडक रंग ‘मला खाल्लेस तर पस्तावशील’ असे सांगतो. हे झाले खरे लिहिणे. कॉमन मॉरमॉन या राणी पाकोळीच्या जवळच्या नात्यातील फुलपाखराच्या काही माद्या मात्र विषारी नसूनही कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या विषारी फुलपाखरांसारख्या हुबेहूब दिसतात, आणि एकदा तोंड पोळलेला पक्षी त्यांनाही टाळतो. ही नक्कल केवळ मादीत कशी काय उतरते, हा प्रश्न जुना होता. बंगळूरचे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की यामागे ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक आहे, जे एरवी नर-मादीचा भेद ठरवण्याच्या कामात असते.

भुंगेरे रंगहीन असतात, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. मुले ज्याला सोनपाखरू म्हणतात, तो हिरवा-सोनेरी झळाळणारा कीटक भुंगेराच आहे. मराठीने ‘पाखरू’ हे नाव देऊन त्याचा गौरव केला, हे मला फार आवडते. त्याचा रंग रंगद्रव्याचा नसून कवचातील अतिसूक्ष्म थरांवर प्रकाश परावर्तित होऊन तयार होतो, म्हणून तो मेल्यावरही विटत नाही. आपल्या देशात पूर्वी या झाकणपंखांचे तुकडे भरजरी कापडावर टाक्यांनी शिवत असत, आणि शंभराहून अधिक वर्षे जुन्या अशा कापडांवर ते आजही चमकतात.

रानाच्या कारभारात कोणाचे काम मोठे, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जण परागीभवनाचा उल्लेख करून फुलपाखराला कौल देतील. तो कौल घाईचा आहे. फुलपाखरे परागकण वाहून नेतात, हे खरे. पण फुलांची आणि भुंगेऱ्यांची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. कुळागरातील सीताफळाचे आणि पहिल्या पावसात कुजक्या वासाचे भलेमोठे फूल उभे करणाऱ्या सुरणाचे परागीभवन भुंगेरेच करतात, आणि जायफळाच्या कुळातही हे काम मुख्यत्वे बारीक भुंगेऱ्यांकडे असते. सत्तरीत बांबर येथील निरंकाराची राय ही देवराई रानजायफळांच्या दलदलीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पाण्यातून वर आलेली गुडघ्यांसारखी मुळे सर्वांना दिसतात, फुलांवरचे भुंगेरे मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

त्याखेरीज दोन कामे अशी, ज्यांत फुलपाखराचा वाटा जवळपास शून्य आहे. पहिले काम शेणाचे. मोले किंवा खोतीगावच्या रानात गव्याने टाकलेले ताजे शेण थोड्याच वेळात हलू लागते. शेणकिडे येऊन काही जण त्याचे गोळे करून ढकलत नेतात, काही जण तिथेच खाली बीळ करून ते जमिनीत नेतात. त्यामुळे माती भुसभुशीत होते, शेणातील बिया जमिनीत जातात आणि माश्यांची पैदास आवरते. ऑस्ट्रेलियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी गुरे नेली, पण त्यांच्या शेणाची विल्हेवाट लावणारे भुंगेरे तिथे पुरेसे नव्हते; कुरणे शेणाच्या वाळक्या चकत्यांनी भरू लागली, माश्या माजल्या आणि १९६० च्या दशकात बाहेरून शेणकिडे आणून सोडण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. दुसरे काम मेलेल्या लाकडाचे. लाकूड कुजवणारी मुख्य शक्ती बुरशी आणि वाळवी असली, तरी कठीण खोडात पहिली भोके पाडून बुरशीला आणि ओलाव्याला वाट करून देणारे भुंगेरेच असतात. त्या बोगद्यांत पुढे मुंग्या, कोळी, पाली यांचे बिऱ्हाड होते आणि अळ्यांच्या मागावर सुतारपक्षी येतो. फुलपाखराची अळी पाने खाऊन हिरव्या पानाचे रूपांतर पक्ष्यांच्या पिल्लांना भरवता येईल अशा मऊ घासात करते, हे तिचे कामही मोलाचे आहे, पण ते रानाच्या वरच्या मजल्यावरचे.

संख्येचा हिशेब एका दमात सांगता येतो. जगात आजवर सुमारे चार लाख जातींच्या भुंगेऱ्यांची शास्त्रीय नोंद झाली आहे, म्हणजे ज्ञात प्राण्यांपैकी साधारण दर चौथी जात भुंगेऱ्याची. फुलपाखरांच्या जाती अठरा-एकोणीस हजार. भुंगेऱ्यांचे जीवाश्म सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचे मिळतात, फुलपाखरे पृथ्वीवर अवतरली ती सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीतील फुलपाखरांच्या जाती साधारण ३३० असून त्यांची छायाचित्रांसह पुस्तके मिळतात. हौशी माणूसही एका पावसाळ्यानंतर पन्नास-साठ जाती ओळखू लागतो. भुंगेऱ्यांच्या बाबतीत हे शक्य होत नाही. फुलपाखरे ठरलेल्या वाटेने चालत डोळ्यांनी मोजता येतात; भुंगेरे मोजायचे तर रात्री पांढऱ्या पडद्यावर दिवा लावावा लागतो, जमिनीत पेले पुरावे लागतात, पाचोळा चाळावा लागतो, आणि अभयारण्यात यांतले काहीही वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे एखादे रान सुस्थितीत आहे की नाही, हे आपण फुलपाखरांवरून ठरवतो, ते सोयीचे असते म्हणून.

दोघांना एकत्र पाहायचे असेल, तर दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, रानवाटेवर आडवा पडलेला एखादा जुना ओंडका शोधावा. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन त्यावर पोहोचले, की एखादी राणी पाकोळी येऊन पंख सपाट पसरून बसते. त्याच ओंडक्यात, तिच्या पायांखाली वीतभर खोल, वर्षभर जुनी एखादी अळी लाकूड खात असण्याची शक्यता पुष्कळ असते. ओंडक्याच्या बाजूला बारीक भोक आणि त्याखाली ताजा, फिकट भुसा दिसला तर हळूच तिथे जाऊन खोडाला कान लावावा. रान शांत असेल तर कुरतडण्याचा मंद, थांबून थांबून येणारा आवाज ऐकू येतो. आपण वाकताच वरची राणी पाकोळी उडून गेलेली असते. आतली अळी तिच्या कामात खंड पडू देत नाही.